अडीच तासांचा झेंडा

१ नोव्हेंबर, रविवार

आज छत्तीसगढ राज्याचा वाढदिवस. राज्योत्सवाची बातमी नागपूरला धाडली आणि त्याच बैठकीत शर्मिष्ठेच्या लॅपटॉपवर जानेवारीअखेरच्या अर्धमॅरेथॉनसाठी नाव नोंदवून टाकलं. दोन्ही कामं सारख्याच विचाराने, म्हणजे फारसा विचार न करता.

एकवीस किलोमीटर. गेल्या वेळी हीच शर्यत मी दोन तास सत्तेचाळीस मिनिटांत पूर्ण केली. पूर्ण केली म्हणजे, मी पोचलो तेव्हा मंडपवाले समाप्तीची कमान उतरवत होते आणि त्यांतला एक म्हणाला, "भैया, ज़रा साइड से." प्रमुख पाहुणे केव्हाच निघून गेले होते. नव्या राज्याबरोबर मी रायपूरला आलो, तीन महिन्यांसाठी, आणि तेव्हापासून नागपूरच्या पेपरासाठी प्रमुख पाहुण्यांच्या येण्याची वाट पाहतोय. एकदा तरी त्यांच्या जाण्याच्या आत पोचावं, एवढीच महत्त्वाकांक्षा आहे. चौकशी केली. पाहुणे अडीच तासांनी उठतात. तेव्हा संकल्प अडीच तासांचा.

"चौपन्नाव्या वर्षी?" माझी बायको सुनेत्रा म्हणाली.

"चौपन्न हे नुसतं विशेषण आहे."

"गुडघ्याला सांगा ते."

शर्मिष्ठा म्हणाली, "बाबा, डायरी लिखो. सब रनर्स लिखते हैं." आमच्या कन्येला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. नाव मी संस्कृतातून आणलं, भाषा तिने समता कॉलोनीतून आणली. तरी सल्ला बरा वाटला. नागपूरचं डेस्क माझ्या वीस ओळींच्या आठ करतं. या वहीला डेस्क नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार

इंदूताई गुढियारीहून फराळाची मदत करायला आली. माझी थोरली बहीण. भाऊजी रेल्वेत होते, ते गेल्यावरही तिने गुढियारी सोडली नाही. मालगाड्यांच्या आवाजाशिवाय तिला झोप येत नाही.

चकल्या पाडता पाडता तिने बातमी दिली की मराठी मंडळातल्या एका घरची मुलगी बंगाली मुलाशी लग्न करते आहे. मी म्हणालो, चांगलं आहे, पण त्या घरात बोलणार कोणत्या भाषेत? सासरा आणि जावई एकमेकांकडे पाहून मान हलवत बसणार काय?

"मैं तो घर में वैसे भी हिंदी बोलती हूँ," शर्मिष्ठा म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो. निदान जावई तरी मराठी असावा. घरात कोणीतरी हवं ना."

ताईची चकली मोडली. तिची चकली मी पन्नास वर्षांत मोडलेली पाहिली नव्हती.

मग गेल्या वर्षीच्या पुण्याच्या स्थळाचा विषय निघाला. मी त्याला दोन मिनिटांत नकार दिला होता, कारण व्हिडिओ कॉलवर तो सारखा स्वतःचंच चित्र पाहत होता. सुनेत्राचं म्हणणं असं की मला कोणी काही सांगितलं की मी आधी त्याचं खंडन करतो. मी म्हणालो, वार्ताहर आहे. ऐकीव बातमीवर विश्वास ठेवत नाही, स्वतः पाहिलेलंच खरं धरतो.

"हे मात्र खरं आहे," सुनेत्रा म्हणाली, आणि तिने ताईकडे पाहिलं. माझ्या म्हणण्याला घरात एवढी एकमुखी मान्यता क्वचित मिळते.

८ नोव्हेंबर, रविवार

पहाटे शर्मिष्ठेने स्कूटरवर तेलीबांध्याला नेलं. तिथल्या तलावाच्या काठाला मरीन ड्राइव्ह म्हणतात. समुद्र गाठायचा तर अख्खं ओडिशा ओलांडावं लागेल, पण नाव ठेवायला समुद्र लागत नाही.

पहिला फेरा मी जोरात मारला. दुसऱ्यात जीव घशाशी आला. तेवढ्यात एक तरुण बाजूला येऊन म्हणाला, "नमस्कार काका. तुम्ही सुरुवातीले लय जोरात जाऊन राहिले."

छत्तीसगढी चेहऱ्यातून ताईची वऱ्हाडी ऐकून मी थांबलोच. चौकशीअंती कळलं, हा सुशील देवांगन, आमच्याच कॉलोनीतल्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. ताईचा गुडघा वर्षभर यानेच हलता ठेवलाय, आणि तिने त्याची जीभ. हा रोज इथेच धावतो म्हणे. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा ताडावर बसतो, त्याच क्षणी फळ पडतं, दोन्हींचा संबंध काही नाही.

धावून झाल्यावर ठेल्यावर पोहे खाल्ले. बशी त्यानेच आणून दिली, दोन्ही हातांनी, खाली पाहत. लाजाळू दिसतो. मी सहज विचारलं, शिक्षण कुठे झालं, घरी कोण कोण असतं, वडील काय करतात. वार्ताहराची खोड. तो उभ्याउभ्याच एकेक उत्तर देत होता. घर नव्या रायपूरच्या आत राहिलेल्या एका खेड्यात, वडील शिक्षक होते, धाकट्या बहिणीचं लग्न झालंय, स्वतःला कसलं व्यसन नाही. हे शेवटचं मी विचारलं नव्हतं. शर्मिष्ठा तेवढा वेळ तलावाकडे तोंड करून बदकं पाहत उभी होती. तिला पक्ष्यांची आवड आहे हे मला नव्याने कळलं.

पोह्यांवर शेव कमी होती. म्हटल्याबरोबर पळत जाऊन घेऊन आला.

१५ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीमुळे आठवडाभर फक्त खाल्लं.

आज तलावावर सुशीलने एक डबा दिला. त्याच्या आईने ठेठरी आणि खुरमी पाठवली. ठेठरी म्हणजे आपल्या कडबोळ्याची खारी मावशी आणि खुरमी शंकरपाळ्याची थोरली बहीण. घरी आल्यावर सुनेत्राने ते तुकडे फार बारकाईने चाखले. "हात चांगला आहे," म्हणाली. "तेलकट नाही."

उलट डबा म्हणून तिने अनारसे भरले, आणि तेही लग्नात मिळालेल्या, झाकणावर नाव कोरलेल्या डब्यात. तो डबा ती सख्ख्या बहिणीलाही देत नाही.

"परत मिळेल ना?" मी विचारलं.

"मिळेल. घरातच राहील," सुनेत्रा म्हणाली. कोणत्या घरात ते तिने सांगितलं नाही. सणासुदीच्या दमणुकीने माणूस असं काहीतरी बोलतो.

६ डिसेंबर, रविवार

थंडी पडली. आज पहिल्यांदा नव्या रायपूरच्या रस्त्यावर लांबची धाव. राजधानी इतकी नवी आहे की रस्ते आले, दिवे आले, माणसं यायची आहेत. आठ पदरी रस्त्यावर आम्ही तिघं आणि दुभाजकावर रवंथ करणारी एक गाय.

सुशील मध्ये, मी डावीकडे, शर्मिष्ठा त्याच्या उजवीकडे. ती बँकेच्या नोकरीत असूनही प्रत्येक रविवारी न चुकता बापासाठी पहाटे उठते. मुली बापावर माया करतात ते उगाच नाही.

वाटेत सुशील म्हणाला, "काका, पहिले पाच किलोमीटर असे जा, जसे कोणाच्या घरी पहिल्यांदा जाता. हळू. सगळं पाहत."

मी म्हणालो, "मी कोणाच्याही घरी गेलो की पहिल्या पाच मिनिटांत मत बनवतो."

"मालूम है," तो म्हणाला, आणि शर्मिष्ठेला धावता धावता ठसका लागला.

त्याचं मराठी सुधारतंय. आज त्याने "कदाचित" हा शब्द बरोबर वापरला. कदाचित गेल्या रविवारी मीच शिकवला होता. शर्मिष्ठेला मी अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. ती आज म्हणाली, "बाबा, पाणी प्या." मी धावता धावता थांबलो.

२० डिसेंबर, रविवार

आज एक चांगलं काम मनात आलं. सुशील एकोणतीस वर्षांचा, सुस्वभावी, कमावता. मंडळातल्या सरलाताई भाचीसाठी स्थळ शोधताहेत. दोघांची गाठ घालून द्यावी. जेवताना बोलून दाखवलं.

सुनेत्राच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. "सरलाताईंना चालेल?" तिने फार हळू विचारलं. "आपल्यातला नाही तो."

"न चालायला काय झालं? मुलगा शंभरांत एक आहे. मराठी बोलतो. ताईसारखं बोलतो हा दोष, पण तो जाईल."

"आणि जातपात?"

"आजकाल कोण पाहतं."

लिहिताना लक्षात येतं, दुसऱ्याच्या घरासाठी माझी मतं फार उदार असतात. माझ्या घरात हीच गोष्ट कोणी काढली असती तर मी इतक्या पटकन बोललो असतो का? नसतो. पण तो प्रश्न नाहीच आहे, तेव्हा सोडा.

शर्मिष्ठा ताट घेऊन उठली. "बाबा, आप बस दौड़ने पर ध्यान दो. सरलाताई को फ़ोन किया ना, तो मैं सुबह नहीं उठूँगी." सरलाताईंना फोन केला नाही. पहाटे उठवणारं माणूस दुखावून चालत नाही.

३ जानेवारी, रविवार

धावलो नाही. गुडघा.

सुनेत्रा बाम चोळता चोळता पाऊण तास बोलत होती. कोणी सांगितलं होतं, आता झेपतं का, पाहुणे तुमच्यासाठी थांबणार आहेत का. तिचं असं आहे, तोंड एकीकडे चालतं आणि हात दुसरीकडे. तोंड जितकं तिखट, हात तितका हलका. मधेच रागावूनच चहाचा कप माझ्या हातात दिला, फुंकर घालून. बाहेरच्या माणसाशी ती कधी असं बोलत नाही. बाहेरच्यांशी अगदी गोड.

सुशील येऊन पाहून गेला. दहा दिवस विश्रांती. मी विचारलं, अडीच तास होतील? तो म्हणाला, "होतील, काका. सुरुवात सांभाळली तर." त्याला खोटं बोलता येत नाही हे मी ताडलंय. सारखा काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि मिटतो. आजही जाताना उंबऱ्यात थांबला, "काका, एक गोष्ट..." म्हणाला. मी म्हणालो, "बर्फ लावायचा, माहीत आहे." तो गेला.

२४ जानेवारी, रविवार

पौष पौर्णिमा. इथे आज छेरछेरा. नवं धान घरात आलेलं असतं, पोरं दारोदार फिरून मागतात, आणि दारी आलेल्याला ओंजळभर धान दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही असा रिवाज.

शर्यतीआधीची शेवटची लांब धाव. परतताना सुशील म्हणाला, "काका, घर इथंच आहे. पाणी पिऊन जाऊ." नव्या राजधानीच्या मंत्रालयामागे हे जुनं गाव तसंच राहिलंय, नव्या सदऱ्याच्या आत जुनं जानवं असावं तसं. त्याचे वडील शालिग्रामजी आणि आई मीराबाई दारातच उभे होते. शालिग्रामजींनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. सणच होता ना. मी अर्ध्या चड्डीत, घामाने निथळत, गुडघ्याला निळी पट्टी.

"आवव, बइठव," मीराबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं. दोनदा. चड्डीमुळे असावं.

आत खाटेवर नवी चादर होती. शालिग्रामजींनी एकेक प्रश्न विचारला. मूळ गाव कोणतं, रायपुरात किती वर्षं, रिटायरमेंटनंतर नागपूरला जाणार की इथेच राहणार. मी म्हणालो, आता कुठे जातो, इथलाच झालो. त्यांनी मीराबाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. मग विचारलं, "ग़ुस्सा आथे का?" राग येतो का. मी म्हणालो, येतो, पण छापून येत नाही. म्हातारा खुदकन हसला. त्यांच्या कपाटावर आमचा नाव कोरलेला डबा मांडून ठेवला होता, देवाच्या तसबिरीशेजारी.

निघताना मीराबाईंनी सुपातून ओंजळभर धान माझ्या टोपीत घातलं. मग आतून एक ओढणी आणून शर्मिष्ठेला पसरायला सांगितली आणि तिला पाच ओंजळी घातल्या. मुलींचं कौतुक असतं.

घरी सांगितल्यावर सुनेत्रा मटकन खुर्चीत बसली. "चड्डीवर गेलात? त्यांच्या घरी? पहिल्यांदा?"

"धावायला धोतर नेसून जाऊ?"

"काही म्हणाल्या का त्या?"

"बसा म्हणाल्या."

तिने ते धान देव्हाऱ्यासमोर ठेवलं. मग ताईला फोन करायला आतल्या खोलीत गेली, दार लावून. ताईला ऐकू कमी येतं, त्यामुळे दार लावून उपयोग नसतो, पण आज आतून फक्त ताईचं हसणं ऐकू आलं. फोनमधून, बंद दारातून.

३० जानेवारी, शनिवार

धावक्रमांक मिळाला. सुशीलला आयोजकांनी पेसर नेमलंय. म्हणजे तो काठीला लहान झेंडा बांधून धावणार, झेंड्यावर अडीच तास लिहिलेलं, आणि तो बरोबर अडीच तासांत पोचणार. ज्याला तेवढ्यात पोचायचंय त्याने त्या झेंड्याला धरून राहायचं. अंध-पंगु न्याय. त्याला वेळ दिसते, मला फक्त तो दिसतो.

काय काय खायचं नाही याची यादी ताईने फोनवर पाठ करून दाखवली. शेवटी म्हणाली, "उद्या पोट्ट्याच्या मागंमागं राहा. अन् डोळे उघडे ठेव, शिरीष. तुले तर समोरचं दिसत नाही."

म्हटलं, चष्मा लावतो.

३१ जानेवारी, रविवार

सविस्तर लिहितो. हात दुखत नाही, एवढा एकच अवयव शिल्लक आहे.

निघताना सुनेत्राने माझ्या तळहातावर दही-साखर घातली. सुरुवातीच्या गर्दीत सुशील दिसला तेव्हा वाटीतली उरलेली त्याच्या हातावर घातली. तो वाकून नमस्कार करायला गेला आणि झेंड्याची काठी माझ्या कपाळाला लागली. शुभशकुन म्हणालो. शर्मिष्ठा पाच किलोमीटरच्या शर्यतीत होती, म्हणजे आमच्या किती तरी आधी पोचून वाट पाहणार होती. ताई समाप्तीपाशी खुर्ची मिळवायला गेली.

या वेळी सुरुवात सांभाळली. झेंड्यामागे आम्ही पंधरा-सतरा जण होतो. एक शाळेच्या बाई, दोन पोलीस शिपाई, एक जोडपं, धमतरीहून आलेला एक किराणावाला जो दर किलोमीटरला "कितना हुआ भैया" विचारायचा. सुशील सगळ्यांशी बोलत होता. चढाला हळू, पाण्याच्या टेबलाशी दोन घोट, खांदे सैल. मी त्याच्या पाठीमागे असा धावलो की आयुष्यात इतका आज्ञाधारक कोणी मला पाहिला नसेल. दहा झाले. पंधरा झाले. मी मनात पाहुण्यांचे चेहरे आणू लागलो.

सतराव्याच्या पाटीपुढे उजव्या पोटरीत कोणीतरी खिळा ठोकला. पाय जागेवर थांबला, मी पुढे गेलो, आणि मग दोघंही रस्त्यावर.

सुशील वळला. झेंडा शाळेच्या बाईंच्या हातात दिला, गुडघ्यावर बसला, माझा पाय सरळ करून चवडा माझ्याकडे दाबला. मी ओरडलो. खिळा सैल झाला. त्याने पाण्याच्या टेबलावरच्या पोरीला हाक मारून माझ्याजवळ उभं केलं. हे सगळं फार थोड्या वेळात. मग तो उभा राहिला, झेंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला होता की दुखणं माझं आहे की त्याचं कळेना.

"काका, गोळा आलाय फक्त. नस तुटली नाही. बसू नका, बसले तर उठणार नाही. चालत या." मग घुटमळला. "मले जावं लागते."

आणि गेला.

मला राग आला. लिहून ठेवतो, आला. तीन महिने हा मुलगा माझ्या पोह्यांवर शेव घालतो, आणि ऐन वेळी मला रस्त्यावर टाकून निघून जातो. नव्या रायपूरचा तो रस्ता सरळ, झाड नाही की वळण नाही. झेंडा लहान लहान होत जाताना मला कितीतरी वेळ दिसत होता. तो मागे वळून पाहील म्हणून मी पाहत राहिलो. त्याने पाहिलं नाही. उलट बाईंकडून परत घेतलेला झेंडा एकदा थोडा वर उचलला, आणि मागचा किराणावाला, जो तोवर रेंगाळला होता, तो पाहून पुन्हा धावू लागला.

तिथे माझा राग बसला. चालता चालता हिशेब सोपा झाला. त्या पंधरा-सतरा जणांचं सुशीलशी नातं काही नाही. त्यांनी फक्त झेंड्यावर भरवसा ठेवला होता. ओळखीच्या काकांसाठी तो थांबला असता तर मला बरं वाटलं असतं आणि तो किराणावाला धमतरीला जाऊन म्हणाला असता, रायपूरच्या झेंड्याचं काही खरं नाही. मी पंधरा वर्षं राजधानीत माणसं पाहतोय. ओळखीच्यासाठी थांबणारी पुष्कळ पाहिली. सगळी व्यवस्था त्यांचीच आहे. थांबायचं मनात असून न थांबणारा बऱ्याच दिवसांनी पाहिला.

पोटरी गरम झाली तसा थोडा पळालो, थोडा चाललो. मागून आलेली एक बाई म्हणाली, "चलो अंकल, बस हो गया." सगळ्यांना अंकल करून पुढे जायची घाई.

समाप्ती आली. कमान उभी होती. पाहुणे मात्र गेले होते. त्यांच्या रिकाम्या सोफ्यावर इंदूताई ऐसपैस बसली होती.

तिच्यापुढे दोन पावलांवर, माझ्याकडे पाठ करून, शर्मिष्ठा सुशीलला झापत होती. मी इतका दमलो होतो की हाक मारायला आवाज नव्हता, म्हणून ऐकत राहिलो.

"छोड़ के आ गए? रास्ते में? तीन महीने से हम सब क्या कर रहे हैं? एक दिन की बात थी. आज के दिन."

"झंडा था मेरे पास."

"तो झंडे से ही बात कर लेना अब. बाबा तो अब सुनेंगे भी नहीं. दो मिनट में पुणे वाले को मना कर दिया था, तुम्हें तो एक भी नहीं देंगे."

आणि हे सगळं बोलताना तिच्या हातांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, बाटली त्याच्या हातात दिली, दुसऱ्या हाताने त्याच्या खांद्यावरचा घामेजला रुमाल काढून आपला कोरडा ठेवला. त्याच्याकडे न पाहता. तोंड एकीकडे, हात दुसरीकडे.

हे मी पाहिलेलं आहे. तीस वर्षं, रोज, माझ्या घरात. असं झापून घ्यायला माणूस आधी घरचा व्हावा लागतो.

तलावावरची बदकं, डबा, खाटेवरची नवी चादर, पाच ओंजळी, सगळं एकदम आठवलं. इतके कावळे आणि इतकी फळं, आणि हा विद्वान झाडाखाली बसून न्याय सांगत होता.

ताईशेजारी उभ्या असलेल्या सुनेत्राने मला पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. शर्मिष्ठा वळली. सुशीलच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्या हातात, आता दिसली, पोह्यांची बशी. माझ्यासाठी आणलेली. वरून भरपूर शेव.

"काका," तो म्हणाला, "चुकलं असेल तर..."

"शर्मिष्ठे," मी म्हणालो, "त्याने थांबायचं नव्हतंच. थांबला असता तर मी नाही म्हणालो असतो."

"कशाला नाही?" सुनेत्राने विचारलं. फार हळू, वरणाचा डाव हातात असल्यासारखी.

"जे तुम्ही अजून विचारलेलं नाही त्याला."

मग शर्मिष्ठा माझ्या घामट खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली आणि म्हणाली, "बाबा, तुमचा पाय." मराठीत. माझा पाय त्या क्षणी कुठे होता मला माहीत नव्हतं.

सोफ्यावरून ताई म्हणाली, "पोहे थंडे होऊन राहिले. दे न रे पोट्ट्या त्याले."

बशी मी दोन्ही हातांनी घेतली.

१ फेब्रुवारी, सोमवार

जिना उतरता येत नाही.

सुनेत्राला मी समजावलं की हे तिला असं अचानक कळलं, धक्का बसला असेल, पण मुलगा मी तीन महिने पारखलेला आहे, काळजी करू नको. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तर बरंच असेल." तिने हे फार लवकर स्वीकारलं. मोठ्या मनाची आहे.

संध्याकाळी ताई आली. मी तिला म्हणालो, पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगा बशी घेऊन येतो आणि मुलीचा बाप प्रश्न विचारतो, हे आपल्या घराण्यात पहिल्यांदाच झालं. मी त्याला पसंत केलं.

"तू काहून पसंत करतं?" ताई म्हणाली. "कार्यक्रम तुह्या होता. त्या पोरानं आधीच सांगितलं होतं मले, आत्या, पोरगी पसंत आहे, पन सासऱ्याची भीती वाटून राहिली. म्हटलं, पाह्य रे बाबा, महिना दोन महिने पळवून पाह्य. अन् मायबापालेही दाखव. तू तर चड्डीवरच गेला."

थोडा वेळ मी पोटरी चोळत बसलो.

"मग? त्यांच्याकडून काय निरोप?"

"अजून आला नाही," ताई म्हणाली, आणि उरलेला चहा बशीत ओतून प्यायली.

नंतर फोनवर आयोजकांचा संदेश दिसला. कालपासून पडून होता, कोणी पाहिलाच नव्हता, मीही नाही. दोन तास चव्वेचाळीस मिनिटं. म्हणजे लंगडत का होईना, गेल्या वर्षीपेक्षा तीन मिनिटं लवकर. माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम वेळ. स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. आत हॉल कुठला घ्यायचा यावर चर्चा चालली होती. सुनेत्रा म्हणाली, "हो का? छान. जरा ते वरचं पातेलं काढून द्या."

७ फेब्रुवारी, रविवार

तलावावर गेलो. शर्मिष्ठा मुद्दाम आली नाही. सुशील वाट पाहत होता. पहिला फेरा आम्ही चाललो. दुसऱ्यात हळूहळू पळू लागलो. दोघांनाही बोलायचं होतं, आणि धावताना बोलण्याचा फायदा हा की एकमेकांकडे पाहावं लागत नाही.

शेवटी मीच म्हणालो, "ताई सांगत होती, तू मला पाहायला येत होतास."

त्याचा श्वास चुकला. मग म्हणाला, "हव, काका."

"मग? पसंत?"

तलावातली बदकं आज मीही पाहिली. चांगली आहेत.

"पसंत आहे," तो म्हणाला. "फक्त, तुम्ही सुरुवातीले लय जोरात जाता."

मी वेग कमी केला. ठेल्यावरची पोह्यांची पहिली परात उतरायला अजून अवकाश होता.